बिघडलेलं पुन्हा चालू करणाऱ्यांच्या गोष्टी

खगोलवेडी

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बातम्यांत शोध लागतात, विक्रम मोडतात, यानं झेपावतात. पुढे तीच यानं बिघडतात आणि कुणीतरी रात्री जागून ती पुन्हा चालू करतं, तेव्हा आतल्या पानावर चार ओळी येतात. माझ्या मात्र त्या चार ओळीच जास्त लक्षात राहतात. म्हणून हा धागा. जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातली, कुठल्याही शाखेतली दुरुस्तीची गोष्ट इथे लिहा. अट एकच: नेमकं काय बिघडलं होतं आणि ते कसं मार्गी लावलं, हे सांगायचं. "अथक परिश्रमांनी यश मिळवलं" या वाक्यातून काहीच कळत नाही.

सुरुवात माझ्या सगळ्यात लाडक्या गोष्टीने करते.

व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी पृथ्वीवरून निघालं. गुरू आणि शनी बघून झाल्यावर ते चालतच राहिलं आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचं बोलणं बिघडलं. संदेश येत होते, पण त्यांतला अर्थ गेला होता. शून्य आणि एक यांची एकच नक्षी पुन्हा पुन्हा येत होती.

यानावर वेगवेगळ्या कामांचे संगणक आहेत. एक पृथ्वीच्या आज्ञा ऐकतो, एक यानाची दिशा सांभाळतो आणि तिसरा उपकरणांची मोजमापं गोळा करून पाठवण्याजोगी बांधतो. बिघाड या तिसऱ्यात होता. तेव्हा यान २४ अब्ज किलोमीटरहून दूर होतं. प्रकाशाच्या वेगाने गेलेला संदेश पोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढेच. एक प्रश्न विचारला की त्याचं उत्तर जवळजवळ दोन दिवसांनी. डॉक्टरने "कुठे दुखतंय?" विचारावं आणि रुग्णाने परवा सांगावं, तसं.

त्यातून यानाची कागदपत्रं सत्तरच्या दशकातली. ज्यांनी ती लिहिली, त्यांना शेहेचाळीस वर्षांनी असा प्रसंग येईल असं वाटलेलंही नव्हतं. नासाच्या चमूने ते जुने कागद पुन्हा वाचून काढले. मार्च २०२४ च्या सुरुवातीला त्यांनी त्या संगणकाला डिवचणारा एक आदेश पाठवला: प्रोग्रॅममधल्या वेगवेगळ्या टप्प्यांवर उडी मारून बघ, खराब भाग टाळता येतो का. परत आलेल्या संदेशात एक तुकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसला. उलगडल्यावर कळलं की त्यात संगणकाची सगळी स्मृती उतरून आली आहे. बिघाडाआधीची प्रत त्यांच्याकडे होती. दोन्ही शेजारी ठेवल्या आणि फरक दिसला. सुमारे ३ टक्के स्मृती खराब झाली होती, आणि मूळ एका चिपमध्ये होतं.

ती चिप बदलायला कुणी जाऊ शकत नव्हतं. म्हणून तिच्यातला कोड दुसरीकडे हलवायचं ठरलं. पण सगळा कोड मावेल एवढी सलग जागा कुठेच नव्हती. मग कोडचे तुकडे केले, प्रत्येकाला सापडेल त्या कोपऱ्यात बसवलं आणि त्या कोडचा जिथे जिथे उल्लेख होता तिथले पत्ते बदलले. पहिला तुकडा १८ एप्रिलला पाठवला. २० एप्रिलला उत्तर आलं. पाच महिन्यांनी यान स्वतःच्या तब्येतीबद्दल समजेल असं बोललं. जूनपर्यंत त्याची चालू असलेली चारही उपकरणं पुन्हा मोजमापं पाठवू लागली.

मी ती बातमी तीनदा वाचली. त्या खोलीतल्या लोकांपैकी कित्येकांच्या जन्माआधी ते यान निघालं होतं.

पहाटवारा

+१. वाचतोय. वाचनखूण साठवली.

साधाप्रश्न

सुरेख लिहिलंय. एक अगदी प्राथमिक शंका. जे यान निरर्थक बडबडतंय, ते आपलं ऐकतंय हे कशावरून? आणि आख्खं सॉफ्टवेअर नव्याने का नाही पाठवलं? आपण फोनवर करतो तसं.

खगोलवेडी

साधाप्रश्न, शंका प्राथमिक अजिबात नाही. ऐकणारा संगणक आणि बोलण्याची तयारी करणारा संगणक वेगळे, म्हणून एक बिघडला तरी दुसरा शाबूत होता. शिवाय ती बडबड इथवर पोचत होती, म्हणजे अँटेनाचं तोंड पृथ्वीकडेच होतं, अर्थात दिशा सांभाळणारा संगणकही कामावर होता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेगात आहे. व्हॉयेजरला आज्ञा जातात त्या सेकंदाला १६ बिट या गतीने, म्हणजे सेकंदाला दोन अक्षरं. आणि समजा सगळं पाठवलं, तरी खराब चिपमध्ये जाऊन पडलेला भाग पुन्हा खराबच होणार. जागा बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

याच्या जुळ्या भावाचीही एक गोष्ट आहे. जुलै २०२३ मध्ये व्हॉयेजर-२ ला एक चुकीची आज्ञा गेली आणि त्याचा अँटेना पृथ्वीपासून २ अंश बाजूला वळला. दोनच अंश, पण संपर्क तुटला. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या मोठ्या अँटेनावरून जास्तीत जास्त ताकदीने "पृथ्वीकडे वळ" अशी हाक मारली, आणि ती त्याला ऐकू गेली. ते कळायला ३७ तास लागले. हाक पोचली नसती तरी आशा होती. यान वर्षातून काही वेळा आपणहून आपली दिशा तपासून दुरुस्त करतं आणि पुढची वेळ १५ ऑक्टोबरची होती. कुणीतरी १९७७ च्या आधी बसून विचार केला होता की एक दिवस आपला आवाज याला ऐकू जाणार नाही, तेव्हा यानं काय करावं.

तारायंत्र

माझा विषय समुद्राखालच्या केबल. जगातला बहुतेक आंतरराष्ट्रीय इंटरनेट उपग्रहांवरून जात नाही, समुद्राच्या तळावरून जातो. खोल समुद्रातली केबल बागेत पाणी घालायच्या नळीएवढी जाड आणि तिच्या पोटात केसासारखे काचेचे तंतू.

१५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळचा हुंगा टोंगा-हुंगा हापाई हा समुद्रातला ज्वालामुखी फुटला. त्याची राख ५७ किलोमीटर उंच गेली आणि हवेच्या दाबाची लाट पृथ्वीला अनेकदा वळसा घालून गेली, हे बहुतेकांनी वाचलं असेल. पण त्या दिवशी टोंगाला जगाशी जोडणारी एकुलती एक केबलही तुटली. सुमारे एक लाख लोकांचा देश, आणि नातेवाईक जिवंत आहेत की नाहीत हे बाहेरच्यांना कळायची सोय नाही. उपग्रहाच्या थोड्याशा जोडण्यांवर काम भागवावं लागलं.

आता दुरुस्ती. आधी किनाऱ्यावरून तंतूत प्रकाशाचा ठोका सोडतात. तुटलेल्या टोकावरून तो परत यायला किती वेळ लागला यावरून तूट किती लांब आहे ते काढतात. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मग जहाज तिथे जातं आणि दोरखंडाला लावलेला लोखंडी आकडा तळावर ओढत नेतं. केबल आकड्यात अडकली की वर घ्यायची, एक टोक तरंगत्या बोयाला बांधून ठेवायचं, दुसरं टोक शोधायला जायचं. दोन्ही हाताशी आली की मध्ये नवी केबल घालून काचेचे तंतू विजेच्या ठिणगीने वितळवून एकमेकांना चिकटवायचे. हे सगळं हलत्या जहाजावर. एका तंतूचा जोड वाकडा बसला तर तो तोडून पुन्हा करायचा.

टोंगाच्या बाबतीत रिलायन्स नावाचं दुरुस्तीचं जहाज पापुआ न्यू गिनीहून आलं. ८० किलोमीटरहून जास्त केबल नव्याने घालावी लागली. एका ठिकाणची साधी तूट नव्हतीच ती, तळावरून वाहत आलेल्या गाळाने केबलच्या चिंध्या केल्या होत्या. २२ फेब्रुवारीला, म्हणजे पाच आठवड्यांनी, देश पुन्हा जोडला गेला. बेटांना आपसांत जोडणाऱ्या देशांतर्गत केबलला मात्र जवळजवळ दीड वर्ष लागलं. बातम्या तोवर कधीच पुढे गेल्या होत्या.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं. केबल कुठल्या मिनिटाला तुटली याची नोंद आपोआप राहते, कारण त्या क्षणी वाहतूक थांबते. ज्वालामुखीपासून केबलपर्यंतचं अंतर माहीत, तुटण्याची वेळ माहीत. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यावरून गाळाच्या लोंढ्याचा वेग काढला: ताशी १२२ किलोमीटरपर्यंत, तोही समुद्राच्या तळावर.

ही युक्ती जुनी आहे. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला समुद्राखाली भूकंप झाला आणि तारेच्या बारा केबल तुटल्या. केंद्राजवळच्या लगेच तुटल्या, पण बाकीच्या पुढच्या तेरा तासांत एकामागून एक, उतारावर खाली खाली जात तुटत गेल्या. असं का, हे तेव्हा कोडंच होतं. १९५२ मध्ये ब्रूस हीझन आणि मॉरिस युइंग यांनी त्या वेळा मांडून दाखवलं की भूकंपाने गाळाचा एक प्रचंड लोंढा सुटला आणि वाटेत येईल ती केबल तोडत गेला. समुद्राच्या तळावर असे लोंढे वाहतात, याचा तो मोठा पुरावा ठरला. आधार काय, तर तेवीस वर्षांपूर्वी कुणीतरी टिपून ठेवलेल्या केबल तुटल्याच्या वेळा.

साधाप्रश्न

हे माहीतच नव्हतं. केबल तुटली आणि मोजपट्टी झाली!

प्रकाशरेखा

हबल दुर्बिणीशिवाय हा धागा अपुरा राहील. २४ एप्रिल १९९० ला ती अवकाशात गेली आणि काही आठवड्यांतच कळलं की चित्रं धूसर येतात. २.४ मीटरचा आरसा अत्यंत गुळगुळीत होता, पण आकार चुकला होता. कडेला तो २.२ मायक्रॉनने जास्त सपाट होता, केसाच्या जाडीच्या साधारण पन्नासाव्या हिश्श्याइतका.

डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर शटलमधून अंतराळवीर गेले आणि पाच वेळा बाहेर पडून त्यांनी दुरुस्ती केली. आरसा बदलणं शक्य नव्हतं. मग नवा मुख्य कॅमेरा बसवला, ज्याच्या आतल्या आरशांत उलटी चूक मुद्दाम घडवलेली होती. बाकीच्या उपकरणांसाठी टेलिफोन बूथएवढी एक पेटी बसवली, कोस्टार नावाची. तिच्यातले नाण्याएवढे दहा आरसे बारीक दांड्यांवरून प्रकाशाच्या वाटेत येऊन उभे राहत. दांड्यांची ती कल्पना एका अभियंत्याला जर्मनीत हॉटेलच्या न्हाणीघरात सुचली. तिथला शॉवर दांडीवर वरखाली सरकत होता आणि कलता होत होता.

निरीक्षक

मला इथे थोडं अडायचंय. हबलची गोष्ट नेहमी दुरुस्तीचा विजय म्हणून सांगतात. पण ती चूक टाळता आली असती, आणि हे विसरलं तर पुढच्या वेळी पुन्हा तेच होईल. आरसा घासताना आकार तपासायला एक अतिशय अचूक उपकरण होतं. त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसवलं गेलं. अंतर मोजायच्या दांडीच्या टोपीवरचा काळा रंग एका ठिकाणी उडाला होता आणि प्रकाश दांडीच्या टोकाऐवजी टोपीवरून परतला. भिंग जागेवर बसेना, तर कामगारांनी वॉशर घालून बसवलं. थांबून "असं का होतंय?" विचारायची ती वेळ होती.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे आणखी दोन साध्या उपकरणांनी आरशात दोष असल्याचं दाखवलं होतं. ती कमी अचूक म्हणून त्यांचं ऐकलं नाही. कमी अचूक उपकरण बारीक फरक सांगू शकत नाही हे खरं, पण इथली चूक बारीक नव्हती, ते ओरडून सांगत होतं.

मी प्रयोगशाळेत काम करते. महागडं यंत्र एक आकडा देतं आणि हातातलं साधं मापन दुसरा, तेव्हा सगळे महागड्या यंत्राच्या बाजूने उभे राहतात. माझ्यासमोर हे घडलंय, आणि साधं मापन बरोबर निघाल्यावर सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलंय. म्हणून मला अशा गोष्टींत टाळ्यांच्या आधी चुकीचा भाग सांगितलेला हवा असतो.

प्रकाशरेखा

निरीक्षक, पटलं. तुमच्या म्हणण्यात एक भर घालते. ते चुकीचं बसवलेलं उपकरण चौकशी समितीला कारखान्यात जसंच्या तसं सापडलं. आरसा होऊन जवळजवळ दहा वर्षं झाली होती, तरी ते मोडीत निघालं नव्हतं. त्यामुळे भिंग किती सरकलं होतं ते प्रत्यक्ष मोजता आलं, आणि आरशात नेमकी किती चूक आहे हे त्यावरून पक्कं झालं. चष्म्याचा नंबर अचूक कळला म्हणून चष्मा अचूक बनला. ते उपकरण कुणी सुटं करून टाकलं असतं, तर सगळं अवकाशातल्या धूसर चित्रांवरूनच ताडावं लागलं असतं.

आणि अंतराळवीरांना बाहेरून उघडता येतील अशी दारं, धरायला कठडे, ओढून काढता येतील अशी उपकरणं, हे सगळं हबलच्या मूळ आराखड्यात होतं. दुरुस्तीला कुणी येईल, हे धरून ती बांधली होती.

खगोलवेडी

निरीक्षक, तुमचा मुद्दा धाग्याच्या अटीतच घालायला हवा होता. काय बिघडलं याबरोबर का बिघडलं, तेही लिहा मंडळी.

आणि माझ्या एक लक्षात येतंय. व्हॉयेजरची जुनी कागदपत्रं, केबल तुटल्याच्या वेळा, हबलचं न मोडलेलं उपकरण. दुरुस्ती करणाऱ्याच्या आधी कुणीतरी काहीतरी जपून ठेवलेलं आहे.

धूमकेतू

मग हायाबुसा इथेच सांगायला हवी.

जपानचं हे यान मे २००३ मध्ये इतोकावा या लहानशा लघुग्रहाकडे निघालं. तिथली माती घेऊन परत यायचं, असं काम. त्याच्यावर संकटांची रांगच लागली. आतल्या आत फिरून यानाची दिशा सांभाळणाऱ्या तीन चाकांपैकी दोन बंद पडली. लघुग्रहावर उतरल्यावर माती उडवण्यासाठी जी गोळी सुटायला हवी होती ती सुटली नाही. नंतर इंधन गळलं, यान भेलकांडलं आणि डिसेंबर २००५ पासून सुमारे सात आठवडे त्याचा पत्ताच नव्हता. जपानमधली माणसं रोज हाका मारत राहिली. जानेवारीत त्याचा क्षीण आवाज आला.

परतीचा प्रवास आयन इंजिनांवर. त्यांत झेनॉन वायूचे अणू विद्युतभारित करून मागे फेकतात, त्यामुळे रेटा अगदी थोडा, पण महिनोन्महिने मिळत राहतो. अशी चार इंजिनं होती आणि नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांतली पुरेशी चालेनात. इथे आयन इंजिनाची एक खुबी सांगतो. त्याला दोन भाग लागतात: आयन फेकणारा, आणि बाहेर इलेक्ट्रॉन सोडून भार समतोल करणारा. तो दुसरा भाग नसेल तर यानावरच भार साचत जातो. एका इंजिनाचा पहिला भाग धड होता आणि दुसऱ्या इंजिनाचा दुसरा. चमूने ब इंजिनाचा आयन भाग आणि अ इंजिनाचा समतोल करणारा भाग जोडून दोन अर्ध्या मेलेल्यांतून एक जिवंत इंजिन उभं केलं.

हे शक्य झालं कारण दोन इंजिनांचे भाग असे जोडता येतील, अशी विजेची एक जास्तीची वाट यान बांधतानाच घालून ठेवली होती. वजनाच्या प्रत्येक ग्रॅमसाठी भांडण चालतं तिथे, कधीच लागणार नाही असं वाटणारा एक लहानसा भाग कुणीतरी हट्टाने आत ठेवला.

१३ जून २०१० ला कुपी ऑस्ट्रेलियातल्या वूमेराच्या वाळवंटात उतरली. यान स्वतः वातावरणात जळून गेलं. गोळी सुटली नव्हती तरी उतरताना उडालेली धूळ कुपीत शिरली होती. इतोकावाचे सुमारे १५०० कण निघाले, बहुतेक डोळ्यांना न दिसणारे. लघुग्रहावरून माणसाने आणलेली ती पहिली धूळ.

त्याच्या जळण्याचं चित्रण मी आजही पूर्ण बघू शकत नाही. शेवटच्या चित्रफितीत यान तुकडे तुकडे होतं आणि कुपीचा ठिपका मात्र पुढे पुढे सरकत राहतो.

पहाटवारा

गलबलून आलं. केप्लर या अवकाशातल्या दुर्बिणीचं थोडक्यात टाकतो. तिचीही दिशा स्थिर ठेवणारी चार चाकं होती, कमीत कमी तीन हवीत. २०१२ मध्ये एक गेलं, मे २०१३ मध्ये दुसरं. मग दुर्बीण अशा कोनात धरली की सूर्यप्रकाशाचा दाब तिच्या दोन्ही बाजूंना सारखा बसेल आणि ती कलंडणार नाही. तिसऱ्या चाकाचं काम उन्हाने केलं. मात्र सूर्याची दिशा बदलत जाते, म्हणून दर ८० दिवसांच्या आसपास आकाशाचा नवा तुकडा निवडावा लागे. २०१४ ते २०१८ अशी ती उन्हाला टेकून परग्रह शोधत राहिली.

ओळीवरओळ

अवकाशातून जरा खाली येऊ. मार्च २०२४ ची गोष्ट, माझ्या क्षेत्रातली.

फाइल दाबून लहान करणारी एक्सझेड नावाची मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली, प्रणाली आहे. जगातले असंख्य सर्व्हर कुठे ना कुठे तिच्यावर उभे. ती वर्षानुवर्षं जवळजवळ एकच माणूस सांभाळत होता, फावल्या वेळात, विनामोबदला. त्याला मदत करतो म्हणून एक जण आला. दोन वर्षांहून जास्त काळ त्याने खरोखरची उपयोगी कामं केली, विश्वास मिळवला, हळूहळू सगळ्या किल्ल्या त्याच्या हातात आल्या. त्याच काळात वेगवेगळ्या नावांनी पत्रं येत होती, की मूळ माणूस फार हळू काम करतो, दुसऱ्याला अधिकार द्या. मग त्या मदतनिसाने नव्या आवृत्तीत एक चोरदरवाजा घातला. तो मूळ कोडमध्ये सरळ दिसत नव्हता, चाचणीसाठीच्या फायलींत लपवलेला होता.

आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा अभियंता दुसरंच काहीतरी मोजत होता. त्याच्या लक्षात आलं की सर्व्हरवर दूरस्थ प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. तेवढा उशीर आपण सगळेच सोडून देतो. त्याने सोडला नाही. तो धागा ओढत ओढत चोरदरवाजापर्यंत पोचला आणि २९ मार्चला त्याने जाहीर केलं. ती आवृत्ती तेव्हा सर्व्हरवर चालणाऱ्या लिनक्सच्या मोठ्या स्थिर वितरणांत शिरली नव्हती.

सगळे फ्रॉइंडचं कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण मला तो मूळ माणूस आठवतो. आपली मानसिक तब्येत बरी नाही आणि हा छंदाचा, बिनपैशाचा प्रकल्प आहे, असं त्याने उघडपणे लिहिलं होतं. मीही एक लहानशी लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड, सात वर्षं सांभाळली. तारखांचा हिशोब करायची, शंभर-दोनशे जण वापरत असतील. चालू असताना कुणाचं पत्र येत नाही, बिघडली की येतं, आणि त्यात "अजून का नाही केलं?" एवढंच असतं. शेवटी मी ती थांबवली. दुरुस्तीच्या गोष्टी सांगताना, बिघडू न देणाऱ्यांकडे आपलं लक्ष जात नाही, हे मला फार मनापासून सांगायचंय.

बीजांकुर

ओळीवरओळ, तुमचं वाचून आमच्या क्षेत्रातली माणसं आठवली. बियाणं जपणाऱ्यांचं कामही असंच, दिसत नाही.

सीरियात अलेप्पोजवळ तेल हद्या इथे इकार्डा या संस्थेची बीजपेढी होती. गहू, बार्ली, मसूर, हरभरा यांचे आणि त्यांच्या रानटी भाऊबंदांचे हजारो नमुने. कोरड्या प्रदेशांत तग धरणाऱ्या पिकांचा तो अमोल साठा. नॉर्वेतल्या स्वालबार्ड या द्वीपसमूहात २६ फेब्रुवारी २००८ ला जागतिक बीजभांडार सुरू झालं, डोंगराच्या पोटात, उणे १८ अंशांवर. इकार्डाने आपल्या नमुन्यांच्या प्रती तिथे पाठवायला सुरुवात केली. मग सीरियात युद्ध पेटलं आणि मूळ पेढी हाताबाहेर गेली.

२०१५ मध्ये स्वालबार्डमधून पहिल्यांदा बियाणं परत मागवलं गेलं, ३८ हजारांहून अधिक नमुने. त्यांची लागवड लेबनॉन आणि मोरोक्कोत केली. बी ही नुसती जपून ठेवायची वस्तू नाही. मूठभर दाणे पेरायचे, प्रत्येक वाण वेगळं ठेवायचं, परागकणांची सरमिसळ होऊ द्यायची नाही, कापणी, मळणी, वाळवण, उगवणशक्तीची तपासणी, मग पाकिटं. हे हजारो वाणांसाठी, हंगामामागून हंगाम. २०१७ मध्ये नव्याने वाढवलेल्या बियांच्या प्रती पुन्हा स्वालबार्डला पोचल्या. जिथून उचललं तिथे परत नेऊन ठेवलं, पुढच्या संकटासाठी.

निरीक्षक

बीजांकुर, सुंदर. त्याच भांडाराच्या प्रवेशबोगद्यात २०१६ मध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी शिरलं होतं ना?

बीजांकुर

हो. बियांपर्यंत पोचलं नाही, दाराशीच गोठलं. पण गोठलेली जमीन कायम गोठलेलीच राहील या भरवशावर ते बांधकाम होतं आणि तो भरवसा चुकला. नंतर बोगदा नव्याने जलरोधक बांधला. जपणारी जागाही दुरुस्तीला येतेच.

वातावरण

सगळ्यात मोठी दुरुस्ती राहिली की! ओझोन.

१९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली स्थानकातल्या मोजणीवरून दाखवलं की तिथे दर वसंतात ओझोन प्रचंड घटतो. उपकरण डॉब्सन या शास्त्रज्ञाच्या आराखड्याचं, जुन्या धाटणीचं, आणि नोंदी १९५० च्या दशकापासूनच्या. उपग्रहाने मात्र तीच आकडेवारी चुकीची समजून टाकून दिली होती. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला आणि ओझोन खाणारी सीएफसी रसायनं टप्प्याटप्प्याने बंद झाली. आता अंदाज असा की जगाच्या बहुतेक भागावरचा ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, अंटार्क्टिकावर २०६६ च्या आसपास.

निरीक्षक

एक दुरुस्ती, धाग्याच्या नावाला जागून. उपग्रहाचे आकडे "टाकून दिले" हे सर्रास सांगितलं जातं, पण ते टाकले नव्हते. फारच कमी आलेल्या आकड्यांवर "संशयास्पद" अशी खूण केली जात होती. मूळ आकडे जपलेले होते, म्हणून तर नंतर ते पुन्हा काढून भोक किती पसरलंय याचे नकाशे करता आले. टाकून देणं आणि खूण करून बाजूला ठेवणं, यांत फार फरक आहे.

वातावरण

मान्य, चुकलं माझं. आभार.

मग त्याला जोडून, लक्ष ठेवणाऱ्यांचीच गोष्ट. २०१८ मध्ये हवेचे नमुने मोजणाऱ्यांनी सांगितलं की सीएफसी-११ हवं तितक्या वेगाने कमी होत नाहीये, कुणीतरी ते नव्याने सोडतंय. उत्पादन तर २०१० पासून जगभर बंद. कोरियातल्या गोसान आणि जपानमधल्या हातेरुमा या दोन स्थानकांवरच्या नोंदी आणि वाऱ्याच्या दिशा जुळवून २०१९ मध्ये माग लागला: वाढीचा मोठा भाग पूर्व चीनमधून येत होता. त्यानंतर कारवाई झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत उत्सर्जन पुन्हा उतरलेलं दिसलं. ती दोन स्थानकं नसती तर कळलंच नसतं.

खगोलवेडी

किती दिलंत सगळ्यांनी. ओळीवरओळ, तुमची ती लायब्ररी कुठली ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. मी पायथनमध्ये तारखांचं काम करते, हातभार लावायला आवडेल.

व्हॉयेजर-१ ची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. यान स्वतःभोवती फिरू नये म्हणून त्याला छोटे झोत सोडणारे थ्रस्टर आहेत. मुख्य जोडी २००४ मध्ये बंद पडली, कारण त्यांना गरम ठेवणाऱ्या हीटरची वीज गेली. अभियंत्यांनी ते कायमचे गेले असं धरलं आणि तेव्हापासून राखीव जोडीवर काम चाललं. पण तिच्या इंधनाच्या नळ्यांत साका बसत चाललाय. त्यातून मे २०२५ पासून कॅनबेराचा मोठा अँटेना दुरुस्तीसाठी बरेच महिने बंद राहणार होता, आणि इतक्या दूर आज्ञा पाठवण्याची ताकद त्याच एकात आहे. मग कुणीतरी वीस वर्षं जुना निष्कर्ष पुन्हा उघडला: हीटर खरंच मेले आहेत, की त्यांच्या वीजपुरवठ्यात काही गडबड होऊन एक कळ चुकीच्या बाजूला गेली आहे?

धोका होता. हीटर बंद असताना ते थ्रस्टर चालले तर लहानसा स्फोट होऊ शकला असता. म्हणून यान दिशा ओळखायच्या ताऱ्यावर नीट रोखलेलं असताना, थ्रस्टर आपोआप सुटायच्या आत, कळ पूर्ववत होऊन हीटर तापायला हवे होते. आज्ञा गेली. २० मार्च २०२५ ला, ती पाठवल्यावर जवळजवळ दोन दिवसांनी, हीटरचं तापमान भराभर चढताना दिसलं.

साधाप्रश्न

म्हणजे वीस वर्षं ते थ्रस्टर धडधाकट होते?

खगोलवेडी

हो. फक्त थंड पडले होते.